दोनदा परत आलेल्या भुऱ्याला घर कसं मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कुत्र्यांच्या एका शेल्टरमध्ये, म्हणजे निवाऱ्यात, स्वयंसेवक आहात. तिथला भुऱ्या हा कुत्रा मध्यम बांध्याचा, अंदाजे ५ वर्षांचा, आणि गेले १४ महिने पिंजऱ्यात आहे. मधल्या काळात दोन घरांनी त्याला नेलं. पहिल्यांनी नवव्या दिवशी परत आणलं, कारण तो पाहुण्यावर गुरगुरला. दुसऱ्यांनी सहाव्या दिवशी, कारण घरात एकटा ठेवल्यावर त्याने दार ओरबाडलं, भुंकून शेजाऱ्यांना हैराण केलं. पिंजऱ्यावरच्या पाटीवर आणि इंटरनेटवरच्या जाहिरातीत मजकूर एकच: 'प्रेमळ, शांत, सगळ्यांशी जमवून घेणारा, हक्काच्या घराच्या शोधात.' फोटोला लोक बदाम पाठवतात, फोन कुणी करत नाही. तिसऱ्यांदा तो परत येऊ नये म्हणून काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

आधी ती पाटी काढा. हा मजकूर मी इतक्या पिंजऱ्यांवर वाचलाय की नुसतं नाव बदललं तर तो कुठल्याही कुत्र्याला चालेल. तो वाचून एकटं राहणारं माणूसही येतं आणि ज्यांच्याकडे दिवसभर माणसांचा राबता असतो तेही येतात, कारण 'सगळ्यांशी जमवून घेणारा' कुत्रा कुणाला नको असतो? दोन्ही वेळा भुऱ्या परत आला त्याचं मूळ मला घरांत कमी आणि या ओळीत जास्त दिसतं. पण नवी पाटी लिहायची तर कुत्रा माहीत असावा लागतो, आणि १४ महिने रोज बघूनही भुऱ्या तुम्हाला फारसा माहीत नाही, असं मी म्हणालो तर रागावू नका. तो ज्या दोन घरांत राहिला त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथूनच सुरुवात करा.

दोघांनाही फोन करा. 'परत का दिलात?' असं विचारू नका. या प्रश्नाने समोरचा अपराध्यासारखा होतो आणि मग 'आमची परिस्थिती बदलली' वगैरे ऐकायला मिळतं. त्याऐवजी म्हणा, 'त्याला पुढचं घर शोधताना तुमची मदत हवी आहे. तो दिवस मला सकाळपासून सांगाल का?' पाहुणा आला तेव्हा कुत्रा कुठे होता? झोपला होता का? पाहुणा आत येताना कोण कुठे उभं होतं? त्याने हात कसा पुढे केला? गुरगुरण्याआधी कुत्र्याने तोंड फिरवलं का, ओठ चाटले का, अंग ताठ केलं का? दहातल्या आठ वेळा गोष्ट तीच निघते: कुत्रा कोचावर किंवा कोपऱ्यात पडलेला, पाहुणा 'मला कुत्रे फार आवडतात' म्हणत वरून वाकला, डोक्यावर हात ठेवला, कुत्र्याला मागे सरायला जागा नव्हती. तो गुरगुरला. चावला नाही.

हा फरक कागदावर ठळक लिहून ठेवा. इयान डनबार या पशुवैद्य-प्रशिक्षकाने चावण्याच्या तीव्रतेची सहा पायऱ्यांची पट्टी बनवली आहे. तिच्या पहिल्या पायरीवर दात कातडीला लागलेलेच नसतात. भुऱ्या त्या पायरीवर किंवा तिच्याही खाली आहे. गुरगुरून 'लांब हो' म्हणणारा कुत्रा मला आवडतो, कारण तो आधी सांगतो. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा सांगणं सोडून देतो. मग घरचे म्हणतात, 'काही कारण नसताना एकदम चावला.' त्या पहिल्या घरात त्याला ओरडा किंवा मार बसला होता का, हेही हलकेच विचारून घ्या.

दुसऱ्या घराला विचारायचं ते असं: पहिल्यांदा एकटा किती वेळ ठेवला? माझा अंदाज, तिसऱ्या-चौथ्या दिवशी थेट कामाचा पूर्ण दिवस. १४ महिने ज्याच्या अवतीभवती चोवीस तास कुत्र्यांचा आवाज होता, त्याला अनोळखी घरात आठ तासांची शांतता म्हणजे काय असेल, विचार करा. यातून त्याला विरहाचा आजार आहे असा निष्कर्ष काढायची घाई नको. ते ठरवायला साधा उपाय आहे: कुणाच्या तरी घरी त्याला ठेवून, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडायचं. खरी घबराट असेल तर ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते. येरझाऱ्या, धापा, लाळ, दाराशी झटापट. थोडा वेळ रडून झोपणारा कुत्रा वेगळा, आणि दोन तास निवांत झोपून मग कंटाळून चप्पल फोडणारा आणखी वेगळा. तिघांनाही आपण 'एकटा राहत नाही' असं एकच लेबल लावून मोकळे होतो.

आता पिंजऱ्याबद्दल. शेल्टरमधल्या गोंगाटाची मोजमापं झालेली आहेत आणि तो १०० डेसिबलच्या वर सहज जातो. अशा जागी ताणाखाली असलेल्या प्राण्याचा स्वभाव आपण तपासणार तो कसा? २०१६ साली गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी शेल्टरमधल्या वर्तन-चाचण्यांचा हिशोब मांडला आणि निष्कर्ष काढला की, घरी गेल्यावर कुत्रा त्रासदायक ठरेल का हे सांगण्यात या चाचण्या नाणेफेकीपेक्षा फारशा बऱ्या नाहीत. बनावट हात वाडग्यात घालून 'अन्नावरून आक्रमक' ठरवलेले कुत्रे घरी वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने जेवताना मी पाहिलेत. उलटंही पाहिलंय. पिंजऱ्यात मेंढरासारखा गरीब असलेला कुत्रा तीन आठवड्यांनी घरात आवाज काढू लागतो, कारण तो मुळात गरीब नव्हताच, भीतीने गोठलेला होता.

म्हणून भुऱ्यासाठी मी पहिलं खर्चीन ते त्याला बाहेर काढण्यावर. एक-दोन रात्रींचा मुक्काम, कुणाही समंजस स्वयंसेवकाच्या घरी. लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाच शेल्टरमध्ये नेमकं हेच तपासलं. २०१९ साली त्यांचा अभ्यास आला. मुक्कामाच्या काळात कुत्र्यांमधलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, खाली आलं आणि ते सलग जास्त वेळ झोपले. शेल्टरमध्ये परतल्यावर पातळी पूर्वीइतकी झाली, पूर्वीपेक्षा वाईट झाली नाही. 'घर दाखवून परत आणायचं म्हणजे त्याला दुप्पट दुःख द्यायचं' हा आक्षेप मी स्वतः पूर्वी घ्यायचो. तो मी सोडून दिला. याच मंडळींनी पुढे ५१ शेल्टरमधून माहिती गोळा केली. २०२३ च्या त्या अभ्यासात, थोडा वेळ बाहेर फिरून आलेल्या कुत्र्यांना घर मिळण्याची शक्यता सुमारे ५ पट आणि काही दिवस घरी राहून आलेल्यांची सुमारे १४ पट निघाली. तुमच्याकडे आकडा इतका मोठा येईलच असं नाही. दिशा मात्र माझ्या अनुभवाशी जुळते, आणि कारणही सरळ आहे: कुत्रा चार लोकांच्या नजरेस पडतो, आणि ज्याच्या घरी राहिला तो माणूस आपल्या ओळखीत त्याच्याबद्दल बोलत सुटतो.

मुक्कामाला नेणाऱ्याच्या हातात एक वही द्या. तिच्यात 'खूप गोड आहे' लिहायला बंदी. किती वाजता झोपला, कुठे झोपला, रात्री उठला का. पट्टा हातात घेतल्यावर काय करतो. झाडू, छत्री, मोटारसायकल, लिफ्ट यांना बघून काय होतं. अनोळखी माणूस उभा असताना आणि तोच खाली बसल्यावर काय फरक पडतो. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा दाराबाहेर काय केलं. शी-शू घरात केली की बाहेर. खाऊ हातात असताना 'बस' कळतं का. दोन मुक्कामांच्या अशा नोंदींतून जितकं कळतं तितकं पिंजऱ्यासमोर वर्षभर उभं राहून कळत नाही.

त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडेही न्या, आणि लसीचं कार्ड पुरं करण्यापुरतं नेऊ नका. डोक्याला हात लावल्यावर गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे कान आधी बघावेत, मग दात, मग मान आणि पाठ. माझ्याकडे एक कुत्री 'मुलांचा राग करते' अशी ख्याती घेऊन आली होती. दोन्ही कानांत जुना संसर्ग होता. मुलं गळ्यात पडायची तेव्हा कान दुखायचे, एवढंच. महिनाभर औषध झालं आणि तिची ख्याती संपली. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची आणि हार्टवर्मची (हृदयातल्या जंतांची) तपासणी, रेबीजसह सगळ्या लसी, नसबंदी हे नवीन घरी जाण्याआधी आटोपलेलं असावं आणि कागद सोबत जावेत. मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक नवीन मालकाच्या नावावर आणि फोनवर नोंदवायचा. हे हमखास राहून जातं. चिपमुळे कुत्रा नकाशावर दिसतो असा काहींचा समज असतो. ती फक्त क्रमांक सांगते, तोही कुणीतरी यंत्र फिरवलं तर. आणि वयाचं म्हणाल, तर मोठ्या कुत्र्याचं वय दातांवरून काढणं हा अंदाजच. 'अंदाजे' हा शब्द खोडू नका.

आता पाटी लिहू. जातीचा अंदाज बांधू नका. 'लॅब्रेडॉर मिक्स असावा' असं लिहिल्यावर माणूस भुऱ्याला बघायला येत नाही, मनातल्या लॅब्रेडॉरला बघायला येतो. शिवाय नुसतं बघून जात ओळखण्यात अनुभवी लोकही सर्रास चुकतात हे डीएनए तपासण्यांतून दिसून आलंय. मग भुऱ्याचं काय लिहायचं? मी साधारण असं लिहीन:

'भुऱ्या, अंदाजे ५ वर्षं. सकाळी चाळीस मिनिटं चाललं की दुपारपर्यंत झोपतो. पट्ट्यावर छान चालतो, मांजर दिसलं की मात्र नाही. ओळखीच्या माणसाच्या पावलांवर हनुवटी टेकवून बसायला आवडतं. अनोळखी माणसाने वरून हात घातलेला त्याला आवडत नाही, मग तो गुरगुरतो. चावल्याची नोंद नाही. पाहुण्यांनी पाच मिनिटं दुर्लक्ष केलं तर स्वतःहून वास घ्यायला येतो. एकटं राहणं अजून शिकतोय, सध्या ४० मिनिटं जमतं. दोन घरांतून परत आलाय. का, ते विचारा, सगळं सांगू. लहान मुलं नसलेलं, कमी वर्दळीचं घर आणि पहिले काही आठवडे घरून काम करू शकणारं कुणीतरी हवंय.'

अर्थात यातले तपशील तुमच्या वहीतून यायला हवेत, माझ्या कल्पनेतून नकोत. शेल्टरचे व्यवस्थापक म्हणतील, 'गुरगुरतो असं लिहिलं तर कोण येणार?' कमी लोक येतील. आजही कुणी येत नाहीये, तेव्हा बुडण्यासारखं काही नाही. पण जे येतील ते हनुवटीचं वाक्य आणि गुरगुरण्याचं वाक्य दोन्ही वाचून येतील, आणि नवव्या दिवशी तो गुरगुरला तर फोन करून म्हणतील, 'तुम्ही सांगितलं होतंत तसं झालं, आता काय करू?' मला तो फोन हवा असतो. कुत्रा द्यायचा आणि त्याचा भूतकाळ झाकायचा, हे ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं आहे.

फोटो पिंजऱ्याच्या जाळीतून घेऊ नका. बाहेर, उजेडात, त्याच्या उंचीला बसून, तो तुमच्याकडे बघत असताना घ्या. कपडे घालून, टोप्या लावून काढलेल्या फोटोंना बदाम भरपूर मिळतात, पण माणसाला आपल्या घरातला कुत्रा त्यात दिसत नाही. फोटोपेक्षाही मिनिटभराचा साधा व्हिडिओ बरा: चालताना, वास घेताना, शेवटी कुणाच्या तरी पायाशी पडताना. संगीत नको.

लोक येऊ लागले की दुसरी चूक सुरू होते, आणि ती मी भरपूर केली आहे. आपण परीक्षक होतो. बाग आहे का, उत्पन्न किती, याआधी कुत्रा होता का, घरात दिवसभर कोण. एकदा रात्रपाळी करणाऱ्या, छोट्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या माणसाला मी कागदावरच नाकारलं. ज्या कुत्र्यासाठी तो आला होता तो पुढे आठ महिने माझ्याकडे राहिला. तो माणूस दिवसभर घरी असायचा, हे मी विचारलंच नव्हतं. आता मी एवढंच म्हणतो: 'तुमचा कालचा दिवस सांगा. आणि रविवारचा.' त्या उत्तरात कुत्र्याला जागा आहे की नाही ते आपोआप कळतं. मग विचारतो, 'कुत्र्याने केलेली कुठली गोष्ट तुम्हाला अजिबात सहन होणार नाही?' जो माणूस 'काहीही चालेल' म्हणतो त्याच्याशी मी जास्त वेळ बोलतो. 'केस चालतील, भुंकणं नाही चालणार' म्हणणारा आपलं घर ओळखून असतो. भुऱ्यासाठी खास प्रश्न: पाहुणे किती येतात, आणि आल्यावर त्यांना 'कुत्र्याकडे बघू नका' असं तोंडावर सांगणं तुम्हाला जमेल का? भिडस्त माणसाला ते जमत नाही. मग कुत्र्याला गुरगुरावं लागतं.

भेटीची जागा आणि वेळ तुम्ही ठरवा. अलेक्झांड्रा प्रोटोपोपोव्हा आणि क्लाइव्ह विन यांनी २०१४ साली अशा भेटींचं निरीक्षण केलं. पिंजऱ्याबाहेरची भेट सरासरी ८ मिनिटांची होती, आणि कुत्र्याच्या वागण्यातल्या दोनच गोष्टींनी निकाल फिरत होता: तो माणसाजवळ आडवा झाला तर घर मिळण्याची शक्यता वाढायची, माणसाने खेळायला बोलावलं आणि त्याने लक्ष दिलं नाही तर कमी व्हायची. म्हणून भेटीआधी भुऱ्याला अर्धा तास चालवून आणा, त्याची शी-शू होऊ द्या, आणि मोठ्या मोकळ्या आवारात न सोडता लहान, शांत खोलीत बसा. मोठ्या आवारात तो कोपऱ्याकोपऱ्यांचा वास घेत हिंडणार आणि आलेल्यांना वाटणार, याला आपण आवडलो नाही. बॉलमध्ये त्याला रस नसेल तर बॉल खोलीत ठेवूच नका. आलेल्या माणसाला जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर, थोडं तिरकं बसवा. हात पुढे करायचा नाही, खाऊ शेजारी टाकायचा. तुम्ही मधूनमधून बोला, पण प्रत्येक शांततेत बडबड भरू नका. या सगळ्याला कुणी नाटक म्हणेल. वहीत लिहिलेला कुत्रा त्या आठ मिनिटांत दिसावा एवढीच ती सोय आहे.

एका भेटीवर कुत्रा देऊ नका. दुसऱ्या भेटीला घरातले सगळे हवेत. घरी आधीचा कुत्रा असेल तर दोघांना घरात समोरासमोर आणायचं नाही. तिसऱ्याच जागी, मधे अंतर ठेवून, एकाच दिशेने चालवायचं आणि अंतर हळूहळू कमी करायचं. नंतर सोय असेल तर दोन आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, द्या, मग कायमचे कागद करा. 'चुकलं तर परत देता येईल' हे माहीत असलेली माणसं कमी घाबरतात आणि जास्त खरं बोलतात.

न्यायला येणाऱ्यांना मी एकच धोका तीन-तीनदा सांगतो: पहिल्या दिवसांत कुत्रा पळतो. गाडीचं दार उघडताना, घराच्या दारात, जिन्यात. भेदरलेला कुत्रा मागे सरकत सैल गळपट्ट्यातून मान काढून घेतो. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळपट्टा, दोन्हीला पट्टा लावलेला, निदान पहिला महिना. मोकळ्या जागी सोडणं तर लांबच. नाव आणि तुमचा फोन क्रमांक लिहिलेला बिल्ला शेल्टरच्या दारातच घाला, घरी जाऊन नाही.

पहिले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा या क्षेत्रात सगळे सांगतात: तीन दिवसांत दम घेतो, तीन आठवड्यांत दिनक्रम ओळखतो, तीन महिन्यांत घरचा होतो. ठोकताळाच आहे, वेळापत्रक समजू नका. भुऱ्या पहिल्यांदा नवव्या दिवशी परत आला आणि दुसऱ्यांदा सहाव्या. म्हणजे त्याला दुसरा टप्पा एकदाही पुरा मिळालेला नाही. नव्या घराला हे तारखांसकट दाखवा. पहिले दोन आठवडे पाहुणे नकोत, कितीही जवळचे असोत. त्याची चादर जिथे असेल तिथे तो झोपला असताना कुणी हात लावायचा नाही, हाक मारून बोलवायचं. आणि एकटं राहण्याचा सराव पहिल्याच दिवसापासून: दाराबाहेर पाच सेकंद, परत. वीस सेकंद, परत. तो डोळे उघडायचाही कंटाळा करू लागला की वेळ वाढवायची. कंटाळवाणं काम आहे, त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

फोन तुम्ही करायचा, त्यांच्या फोनची वाट बघायची नाही. दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी, आणि भुऱ्याच्या बाबतीत आठव्या दिवशी नक्की. 'सगळं ठीक?' विचारलं तर 'हो' येतं. 'काल रात्री कुठे झोपला? आज कुणावर गुरगुरला का? जास्तीत जास्त किती वेळ एकटा होता?' असं विचारा. आणि तरीही तो परत आला, तर आणणाऱ्याला चहूबाजूंनी झापू नका. तो माणूस त्या घरातली वही आहे; त्याला दुखावलंत तर ती पानं मिळणार नाहीत.

या आठवड्यात एवढं करा: दोन फोन, एक डॉक्टर, शनिवारचा मुक्काम. जुन्या घरांशी बोलताना हेही विचारा की, त्या दिवसांत शेजारीपाजारी, फिरायला भेटणाऱ्यांत कुणाला तो आवडला होता का. माझ्याकडच्या दोन परत आलेल्या कुत्र्यांना घर मिळालं ते अशाच माणसांकडे. एकीला तर त्याच जिन्यात, दोन मजले वर. मुक्कामाची वही भरली की मला पाठवा, पाटीचा मजकूर मिळून लिहू. आणि भुऱ्या ज्या चादरीवर झोपेल ती धुऊ नका. पुढच्या घरी ती त्याच्यासोबत जायची आहे.